कुसळाच्या रंगाचं

पोवई नाक्याच्या उताराला अत्तारांचं दुकान.
दाराशी बॅगा, पट्टे, कानटोप्या,
आत गोणपाटाच्या पडद्यामागं
ठिपक्याठिपक्यांच्या पँटी, शर्ट, जाकिटं.
"शिकारीला?" अत्तारांनी आवाज उतरवून विचारलं.
बघायला, म्हटलं. लांडगा.
"नुसता बघायला?"
हो.
"मग स्वस्तातलं दाखवतो."

पहिला जोड साडेचौदाशेचा.
फौजी नमुना नको, ते स्वतःच म्हणाले,
कुणी हटकलं तर उगाच कटकट.
हा घ्या, परदेशी छाप.
छापावर पानं. पाच बोटांची, तांबूस, रुबाबदार.
कुठल्या झाडाची?
अत्तारांनी चष्मा कपाळावर नेला.
"जंगलातल्या."
आमच्या माणात जंगल नाही, म्हटलं.
बाभळ आहे, बोर आहे, ओढ्याकडेला तरवड,
बाकी नजर जाईल तिथवर कुसळ,
आणि कुसळाला पान म्हणावं
असं माघात काही उरत नाही.

दुसरा नऊशेचा, हिरवागार.
हा घालून माळावर पडलो
तर शेरडं येतील चरायला.

तिसरा सहाशे. माझ्या खिशाएवढा.
बाहीत हात घातला
तर प्लॅस्टिकच्या पिशवीसारखी कुजबुज.
खिशाला वर चरचरणारी पट्टी,
उघडली की पलीकडच्या वाडीला ऐकू जाईल.
"दोन धुण्यांत मऊ पडतं," अत्तार म्हणाले.
लांडग्याला सांगू का तसं,
दोन धुण्यांनी ये म्हणून?

हसले. चहा मागवला.
थोडा माझ्या पांढऱ्या बाहीवर सांडला
आणि आम्ही दोघंही त्या डागाकडं
गिऱ्हाइकासारखे बघत राहिलो.
रिकाम्या हातानं कसं उठायचं,
म्हणून ऐंशीचा एक रुमाल घेतला.

घरी ट्रंकेत दादांचा गणवेश होता.
एकतीस वर्षं कंडक्टर, दहिवडी डेपो.
कधीकाळची खाकी;
उन्हानं, खळीनं, म्हसवड रस्त्याच्या फुफाट्यानं
तिला दुकानात न मिळणारा रंग चढलेला.
बिल्ल्याखालचा तुकडा तेवढा अजून नवा.
डाव्या खांद्यावर पिशवीच्या पट्ट्यानं
कापड झिजून जाळी झालेली.
खिशाच्या शिवणीत
तिकिटाची एक टिकली, गुलाबी, पंचातून पडलेली.
बाह्या मला आखूड.
दादा खाटेवरून म्हणाले,
"बटण तुटलं तर भरून द्यायचं."

पहाटे तरवडाआड पालथा पडलो.
कापड गप्प. अगदी गप्प.
फक्त कुसळं आरपार येत होती,
जणू तीही ओळख पटवून घेत होती.

उजाडताना ठकूबाई विरकरची मेंढरं आली.
पोपटी लुगडं, त्यावर पोराचं
रस्त्याच्या कामावरचं चकाकणारं नारंगी जाकीट,
कमरेला मोबाईल, त्यात मोठ्यानं बाजारभाव.
ओढ्यातून लांडगा वर आला.
मैलाच्या दगडाकडं बघावं तसं
तिच्याकडं बघितलं.
ती "हुर्र" म्हणाली, तो थोडा बाजूनं चालला,
दोघांचं रोजचंच.
मग थांबला.
मी होतो तिकडं तोंड केलं.
किती वेळ, माहीत नाही;
माझ्या मानेवरून एक मुंगळा
सावकाश कानापर्यंत गेला एवढा वेळ.
आणि माघारी वळला.
पळाला नाही. वळला.

"रोज येतंय," ठकूबाई म्हणाली,
"तू कोण, ते कळंना आसंल त्येला."

दहिवडी स्टँडवर बाकावर बसून
गुडघ्यातली कुसळं उपटत होतो.
काठी टेकत एक म्हातारा जवळ आला,
माझ्या तोंडाकडं न बघता म्हणाला,
"मास्तर, म्हसवड किती वाजता?"

सव्वाआठ, मी म्हटलं.
फलाट दोन.
मागच्या दारानं चढू नका.